पहिलं पाणी कुणाचं

– अहो काका, पिशवीला हात नका लावू! तरंगू दे तशीच. आतलं पाणी नि तळ्यातलं पाणी सारखं गार झालं पाहिजे, मगच तोंड सोडायचं. घाई केली की मासा आडवा होतो, मग बसा रडत. तुम्ही त्या दगडावर टेका. नाही, पोतं खाली घेऊ नका, ते ओलं केलंय, पिशवीवर टाकायचंय – ऊन लागतंय तिला. तिला म्हणजे कोउमेला, दुसऱ्या कुणाला? हसा, हसा. बावीस वर्षांची आहे ती. पोरी लग्न होऊन गेल्या, ही राहिली.

तुम्ही का आलात ते कळतं मला, हिराबायाशी काका. सेइजीभावजींनी धाडलं ना? 'वहिनीला चार शब्द सांगा.' लग्न तुम्ही जुळवलंत, एक्केचाळीस वर्षं झाली, आता मोडायची वेळ आली तर मध्ये तुम्हीच पडणार, रीतच आहे ती. पण सांगणार काय? सगळ्या गावाला ठाऊक आहे. जानेवारीत शेडवर पुरुषभर बर्फ चढलं, मी रोज ओरडत होते, अहो, वर जा, बर्फ ओढा – 'उद्या बघू.' उद्या उजाडला तर छप्पर माशांच्या टाकीत! बाकीचे मासे नेले भावजींच्या टाकीत. पण कोउमेच्या पाठीत फळी बसलेली, खवले निघालेले, जखमी मासा दुसऱ्यांत कसा सोडायचा? आणि घरात एवढं पाणी मावेल असं भांडं एकच – आमचा आंघोळीचा टब. मी नाही हं ठेवली. ह्यांनीच आणली कवेत धरून, आयुष्यात मला कधी उचललं नाही तसं. नळाच्या पाण्यातलं औषध चालत नाही म्हणून झऱ्यावरून पाइप आणला, हवेचं यंत्र लावलं. झालं! संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकून गेले आणि उभेच राहिले दारात. आता आंघोळ कुठे करायची, हा विचारच डोक्यात आला नव्हता त्यांच्या.

थांबा, एक डाव पाणी घालते पिशवीत. हो, सूपाचाच डाव आहे. थोडं थोडं घालायचं, दर पाच मिनिटांनी एक. अगबाई, किती गार लागतंय पायांना – सावलीतलं बर्फ अजून वितळलेलं नाही ना, तेच येतं खाली झिरपून.

तर आंघोळीचं. आमचा माणूस कढत पाण्यात बसल्याशिवाय जेवत नाही, तुम्हाला माहीत आहे. खालच्या वाडीत सार्वजनिक न्हाणीघर आहे, अर्धा तास बर्फातून चालायचं, घरी पोचेपर्यंत मिशांना बर्फ. पंधरा दिवस काढले त्यांनी असे. मग एक दिवस म्हणाले, 'फुमिए, ह्या घरात एक तर मासा राहील नाही तर मी.' आणि गेले भावजींकडे. मासे गेले तिकडेच हेही गेले! सांगा, ह्यात माझा काय दोष? मी काही वळकटी उचलून ओटीवर ठेवली नव्हती त्यांची.

– ठेवली होती. बरं. ठेवली होती, पण नीट घडी घालून. भावजींनी सांगितलं वाटतं? ह्या घरात काडी मोडली तरी त्या घरात ऐकू जाते.

असे बघू नका, काका. मी भांडखोर नाही. तुमच्याच बायकोनं लग्नाच्या दिवशी कानात सांगितलं होतं, 'पहिलं पाणी नवऱ्याचं, ते टबातून उतरले की त्याच पाण्यात तू.' एक्केचाळीस वर्षं मी त्यांच्या मागून बसले, आणि हे पाणी निवेपर्यंत उठत नाहीत म्हणून माझ्या वाट्याला बरोबर कोमट. चकार शब्द काढला नाही कधी. आंघोळीवरून कोण भांडतं? मीसुद्धा परातीत पाय ठेवून अंग पुसत होतेच की. तेवढ्यावरून मी नवरा घालवीन?

आणखी एक डाव. बघा, कशी पंख हलवतेय. चार दिवस उपाशी ठेवलीय, प्रवासाआधी खायला घालायचं नसतं. पण तोरा बघा! ... खरं सांगू? कुणाला सांगणार नाही ना? तुम्ही सांगणार, पण मी सांगते. हे गेले त्या दिवशी मी टॉवेल घेऊन आमच्या न्हाणीघराच्या दाराशी गेले, आत हे बोलत होते. टबाच्या काठावर बसून. म्हणत होते, 'थंडी वाजते का गं?' असा आवाज! मी उभीच राहिले. 'आज कशी आहेस? पाठ दुखते का? तू दिसली नाहीस की घर खायला उठतं बघ.' काका, मला दोनदा न्यूमोनिया झाला, दोनदा! हे दारातून विचारायचे, 'भात कुठे ठेवलायस?' एक्केचाळीस वर्षांत मला वाटलं, ह्या माणसाकडे तसले शब्दच नाहीत, नसतात एकेकाकडे. तर होते! सगळे होते, आणि खर्च कुणावर, तर माशावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवत परवडली असती, तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

म्हणून वळकटी. 'मासा राहील नाही तर मी' हे ते नाही बोलले, मी बोलले. त्यांनी आंघोळीचं घमेलं घेतलं, टॉवेल घेतला आणि गेले.

आणि मग तिचं करणार कोण? मीच! मीठ घाल, पाणी बदल, जखमेला औषध लाव. सवतीची शुश्रूषा, दोन महिने. पहिले आठ दिवस एक शब्द बोलले नाही तिच्याशी. मग संध्याकाळी काठावर बसायला लागले. विचारलं तिला, काय काय सांगतात गं हे तुला? माझं काही निघतं का? ती आपली तोंड उघडते नि मिटते. तुम्ही आत्ता बसलाय तसंच.

पाणी बघू ... तेरा अंश. आतलंही तेरा. जुळलं. खरं म्हणजे बारा अंश झाले की मासा तळ्यात सोडता येतो, आणि तळं दहा दिवसांपूर्वीच बाराच्या वर गेलं होतं. भावजी रोज विचारायचे, मी म्हणायचे अजून गार आहे, अजून गार आहे. का म्हणजे काय? कोउमे टबात आहे तोवर सांगायला बरं की टब अडलाय म्हणून नवरा येत नाही. आज ती तळ्यात गेली, टब मोकळा झाला आणि तरीही हे आले नाहीत तर? मग मी लोकांना काय सांगू? मला स्वतःला काय सांगू, काका? ... ऊन डोळ्यांत जातंय मेलं.

सरका. पिशवीतलं पाणी तळ्यात जाऊ द्यायचं नाही, घाणेरडं असतं. ओल्या हातांनी पोटाखाली धरायचं, असं – ये बाई, ये – घाबरू नकोस – गेली! बघितलंत? शेपूटही दिसली नाही. आता दोन दिवस तळाशी दडी मारून बसेल. जाळं तेवढं ओढायचंय वरून, बगळे टपलेले असतात.

टाळी? मी नाही वाजवली. तुम्ही वाजवलीत? मग ... ती अशी एकच माणूस वाजवतो, माशांना बोलवायला. काका, तुम्ही तर म्हणालात एकटाच आलोय! शेडमागे कोण आहे? बाहेर या म्हणावं. – बाई गं. घमेलं काखेत, टॉवेल खांद्यावर. केवढे वाळलेत! भावजींकडे खायला घालत नाहीत वाटतं?

ऐकलंत? काय म्हणाले आत्ता? 'थंडी वाजते का गं?' ऐकलंत ना तुम्ही? बघा कसे, आल्या आल्या माशालाच विचारतायत अजून ... पण कोउमे तर खाली गेली. वर काहीच नाही. पाण्यात मी एकटी उभी आहे, गुडघाभर.

काका, तुम्ही निघा. नाही, चहा नाही, आज नाही, उद्या या. आणि जाता जाता त्यांना सांगा, टब मी सकाळी तीनदा घासलाय, पाणी तापवायला लाकडं लावून ठेवलीयत. पण आज पहिलं पाणी माझं. नंतर कोमट उरेल त्यात बसायचं असेल तर बसा म्हणावं. जा ना, बघताय काय!