हाक ऐकू आली त्याने ओ द्यायची

साहेब, ते पत्र आधी खाली ठेवा. फोटोसमोर नको. त्या टेबलावर ठेवा, पाण्याच्या बाटलीखाली.

आत्ता तुम्ही ऑफिसच्या वतीने सगळ्यांसमोर वाचलंत. लोकांनी माना डोलावल्या. शेवटची ओळ कुणी ऐकली का? मी ऐकली. "यापुढे आपल्या पत्रांना उत्तर देणे आम्हाला शक्य होणार नाही, कृपया समजून घ्यावे." नवरा जाऊन बारा दिवस झालेल्या बाईला असं लिहितात? काय समजून घ्यायचं तिने?

हे पत्र तुम्ही लिहिलेलं नाही, विक्रम साहेब. वाचायच्या आधी पाहिलंही नाहीत, ते तुमच्या तोंडावर दिसलं. शेवटच्या ओळीला अडखळलात, पण थांबला नाहीत. हे पत्र कुणाचं आहे ते मी सांगते. पण आधी नमस्कार करते. मघाशीच करायचा होता, राहून गेला.

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. मिलिंदचे नातेवाईक जालन्याहून आलेत, त्यांना जय भीम. ऑफिसातली पोरं-पोरी महाप्याहून आलीत, त्यांनाही नमस्कार. सारसोळ्याच्या लोकांना काय सांगू, तुम्ही रोजचेच.

मी हिराबाई. इयत्ता दुसरी, तीही अर्धी. जन्मभर मासळी विकली. मिलिंद माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. अकरा वर्षं राहिला. सुजाता त्याची बायको, ती समोर बसली आहे. मला बोलायला जड जातंय. रडू येतं म्हणून नाही. गुडघे दुखतात, आणि माणसाच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही. मी तोंडावर बोलणारी बाई. आज तोंडच समोर नाही. फोटोशी काय भांडू?

मिलिंदचं काम गावात कुणालाच नीट कळलं नाही. कुणी म्हणायचं कॉल सेंटर, कुणी म्हणायचं कॉम्प्युटर. मलाही वर्षभर कळलं नव्हतं. जपानमध्ये लोक मोबाइलवर खेळ खेळतात. खेळात काही बिघडलं की तक्रार लिहितात. ती तक्रार समुद्रावरून महाप्याला येते, आणि मिलिंद तिला जपानीत उत्तर द्यायचा. एवढंच. जपानी तो नोकरी करता करता शिकला होता. तिकडच्या साहेबाशी फोनवर बोलताना कमरेत वाकायचा. मी म्हणायची, "अरं, फोनमधून तुझी पाठ दिसते काय त्यांना?" तो म्हणायचा, "आजी, वाकलं नाही तर आवाज ताठ येतो."

तिकडे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच. म्हणून तो पहाटेच जिना उतरायचा. मी दारात मशेरी लावत बसलेली असायची.

"मिलिंदा, सूर्य उठला नाय अजून. तू कुठं चाललास?"

"तिकडे उठला, आजी."

रोज हेच. अकरा वर्षं हेच. मी थकले विचारून, तो थकला सांगून, पण दोघांनीही सोडलं नाही.

दुपारी तीनला परत आला की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून चहा घ्यायचा. तिथे मला जपानचा बाजार कळला. हसू नका. बाजार म्हणजे बाजार, मला कळतो.

तिकडच्या खेळात चिठ्ठी काढतात. आधी पैसे द्यायचे, मग चिठ्ठी ओढायची. नशिबात असेल तर चांगलं चित्र, नाहीतर भिकार चित्र. मी म्हटलं, "म्हंजे मी पाटी झाकून ठेवायची आन् गिऱ्हाइकाला सांगायचं, आधी पैसे दे, मग बघू पापलेट निघतंय का मांदेली? माझी पाटी माझ्याच डोक्यात घातली असती बायांनी." तो खूप हसला. म्हणाला, "आजी, त्याच्यावरच तर आमचं घर चालतं."

पुढे पुढे हसणं कमी झालं. पायरीवर बसला की म्हणायचा, "आज अजून एक बंद."

"काय बंद?"

"खेळ."

"परवा झाला ना एक?"

"तो वेगळा. ह्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं."

"मग जल्माला घालतात कशाला?"

त्याने समजावलं. जुने मोठे खेळ ठाण मांडून बसलेत. लोकांनी त्यांत दहा-दहा वर्षं चित्रं जमवली, ती टाकून नव्याकडे कोण जाणार? नवा खेळ बनवायला खर्च फार. येतो, दोन महिने गाजावाजा होतो, मग गुंडाळतात. त्यात चीनवाले आले, त्यांचं जाळं मोठं. आणि तिकडे तरुण पोरं कमी, खेळणारेच म्हातारे होत चाललेत. मी म्हटलं, हे तर एपीएमसी मार्केटसारखं झालं. जुने गाळेवाले हलत नाहीत, नवा माणूस बाहेर हातगाडी लावतो आणि चार दिवसांनी उचलतो. तो म्हणाला, "बरोबर. आणि मी हातगाडी उचलताना गिऱ्हाइकाला माफीचं पत्र देणारा माणूस."

तेच हे पत्र, साहेब. टेबलावरचं.

खेळ बंद झाला की सगळ्या खेळणाऱ्यांना एकच पत्र जायचं. ते मिलिंदने बनवलं होतं. मला पायरीवर मराठीत करून ऐकवलं होतं. "आपण आमच्यासोबत घालवलेल्या प्रत्येक क्षणाबद्दल आम्ही ऋणी आहोत." आत्ता तुम्ही हेच वाचलंत ना? मी त्याला तेव्हाच बोलले होते, "लय गोड झालंय. मुंग्या लागतील." तो म्हणाला, कंपनीला गोडच लागतं. मग शेवटची ओळ वाचली, उत्तर देणं शक्य होणार नाही ती. मी विचारलं, "ही कशाला? लागतंय ना माणसाला." तर म्हणाला, "आजी, सगळ्या पत्रात खरी तेवढीच आहे."

आता त्याच पत्रात ऑफिसच्या उत्तरं लिहिणाऱ्या मशीनने खेळाचं नाव काढून मिलिंदचं नाव घातलं, आणि मराठी करून दिलं. त्याच्याच हाताचं पत्र त्याच्या बायकोला आलं. बंद पडलेल्या खेळाचं पत्र. मी ओरडणार नाही. ओरडायला जोर लागतो, तो आता नाही.

आधी ऑफिसात मजला भरून माणसं होती. उत्तरं मशीन द्यायला लागलं तशी माणसं कमी झाली. शेवटी एक रांग उरली, तिच्यात मिलिंद आणि शेजारी ही प्राजक्ता. पोरी, मान वर कर. तुला रागवायला नाही उठले मी.

आता त्या जपानच्या म्हातारीचं सांगते. तिचं नाव मला ठाऊक नाही, मिलिंदने कधी सांगितलं नाही. नियम होता. मी तिला तिकडची म्हणायची.

एक खेळ होता, छोटासा. एक बंदर, एक होडी. आपण होडी सोडायची, मासे आणायचे, होडी रंगवायची. ही म्हातारी रोज तक्रार लिहायची. चिठ्ठीची नाही, पैशांची नाही. म्हणायची, तुमच्या खेळातला समुद्र खोटा आहे. ऑफिसचा नियम असा की मशीनने सुचवलेलं उत्तर पाठवायचं आणि पुढच्या तक्रारीकडे वळायचं. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." मिलिंदने चार-पाच वेळा तेच पाठवलं. मग एक दिवस पायरीवर मला विचारलं, "आजी, ती म्हणते भरती रोज सहालाच कशी येते? रोज सहाला येत नाही का?"

मी चहा खाली ठेवला. "मेल्या, खाडीकाठी राहतोस आन् तुला हे ठाऊक नाय? पानी रोज पाऊन तास पुढं सरकतं. अष्टमीला भांग, म्हंजे पानी कमी चढतं. पुनवेला आन् अवसेला उधान, म्हंजे पार बांधाला लागतं. शानी हाय ती बाई. बरोबर बोलते."

त्याने निळी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. कुठल्या तिथीला पाणी किती वाजता. मी सांगायची, तो लिहायचा. मग म्हणाला, "पण मी तिला असं उत्तर देऊ शकत नाही. नियमात नाही."

तेव्हा मी त्याला आमच्या खाडीचा नियम सांगितला. तुम्हीही ऐका. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, तरण्यांना नाही. थंडीत खाडीवर धुकं असतं. हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. तेव्हा होडीवाला हाक मारतो. ज्याला ऐकू आली त्याने ओ द्यायची. मग तो कुणी का असेना. ओ दिली नाही तर तो तुमच्या होडीवर आदळतो, नाहीतर चिखलात रुततो. माझ्या सासऱ्याचा आणि त्याच्या चुलत भावाचा वीस वर्षं अबोला होता. पण धुक्यात एकमेकांना ओ देत होते. काठाला लागले की पुन्हा तोंडं फिरवून दोन वाटांनी घरी. ओ दिली म्हणून भांडण मिटलं नाही, आणि भांडण होतं म्हणून ओ चुकली नाही.

 दुसऱ्या दिवशी मिलिंदने तिकडचीला स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं. तुमचं बरोबर आहे, आमच्या गावच्या एक आजीही तेच म्हणतात. त्याच्यावरून त्याला ऑफिसात समज मिळाली. साहेब, तुम्हीच दिली होती. मी दोष देत नाही, तुमच्या वरही कुणी बसलेला असेल. पण मिलिंदने भरतीची चूक वरपर्यंत कळवली, आणि तो खेळ सांभाळायला जपानात दोघं-तिघंच उरले होते, त्यातल्या एकाने भरती दुरुस्त केली. तिकडची काय म्हणाली असेल? धन्यवाद? छे. तिने लिहिलं, "आता भांगाच्या दिवशी मासे जास्त लागतात, तेही चूक आहे." अस्सल बाई! त्या दिवसापासून ती रोज लिहायची आणि मिलिंद रोज हाताने उत्तर द्यायचा. ते एक पत्र लिहिताना बरं वाटतं म्हणायचा. बाकी दिवसभर माफ्याच मागायच्या.

मग तो खेळही बंद करायचं ठरलं. या महिनाअखेर. मिलिंद म्हणाला, "आजी, तिला ते पत्र नाही पाठवणार. शेवटच्या दिवसापर्यंत मीच लिहीन. तसं कळवलंय तिला." शब्द देऊन बसला होता.

आणि त्या रविवारी दुपारी जेवून उठला आणि गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. त्याचे वडीलही ह्याच वयात गेले होते. ऑफिसने मारलं असं मी म्हणणार नाही. जे मला माहीत नाही ते मी बोलत नाही. दमला होता, एवढं माहीत आहे. त्या दुपारी जवळ्याच्या कालवणाची वाटी मीच वर पाठवली होती. सुजाता, ती वाटी परत करू नकोस, राहू दे.

आता माझ्या बोलण्याचं कारण. परवा प्राजक्ता सुजाताला भेटायला आली, आणि जिन्यावर माझ्यापाशी रडली. तिकडचीची पत्रं येतच आहेत. मशीनचं पहिलं उत्तर गेल्यावर तिने लिहिलं, "भरती आज बरोबर होती. उत्तर मात्र तुमचं नव्हतं. आजारी आहात का?" मशीनने लिहिलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." तिने पुन्हा विचारलं. पुन्हा आभार. तिसऱ्यांदा तिने एकच ओळ लिहिली, "कोणी आहे का?"

प्राजक्ताने ते वाचलं आणि बंद केलं. परवानगी नाही. गिऱ्हाइकाला आपल्या माणसाच्या मरणाचं कळवत नाहीत म्हणे.

आणि इकडे सुजाताने ऑफिसला दोनदा लिहिलं. काय मागितलं? त्याच्या टेबलाच्या खणातली निळी वही. बाकी काही नाही. त्या दोन पत्रांचं उत्तर म्हणून हे पत्र आलं, यापुढे उत्तर मिळणार नाही म्हणून.

एक म्हातारी तिकडे विचारते, एक विधवा इकडे. दोघींना मशीन आभार मानतंय. बाजार बसला, खेळ बुडाले, माणसं कमी केली, मान्य. बाजार बसलेला मीही पाहिला आहे. आमची खाडी गेली, मासळी गेली, पाटी गेली. पण धुक्यात हाक आली तर ओ द्यायला काय खर्च येतो?

बसते आता. पाय उभे राहत नाहीत. तुम्ही मात्र सगळे उठा. दोन मिनिटं गप्प राहायचं. मोबाइलही गप्प करा. मिलिंदा, तुझी जिन्यावरची चाहूल पहाटे येत नाही, तरी मी त्या वेळेला दारात बसते. सवय आहे, दुसरं काही नाही. जय भीम, बाबा.

आणि दोन मिनिटं झाली की कुणी चहाकडे पळायचं नाही. विक्रम साहेब, सुजाताला उत्तर तुम्ही द्यायचं. इथेच, तोंडाने. वही कधी आणून देता ते सांगायचं, वार सांगायचा. आणि तिकडचीला उत्तर प्राजक्ता देईल. साहेब परवानगी देतील, आत्ता सगळ्यांसमोर देतील. पोरी, उद्या पहाटे पहिलं पत्र तिचं. गोड लिहू नकोस. लिही, मिलिंद गेला. लिही, पुनवेला उधाण आहे, होडी वर ओढून ठेवा. मग खेळ बंद होईपर्यंत रोज लिही. तिची हाक तुला ऐकू आली आहे. ओ तूच द्यायची.