धानाचं पोतं आणि माझी क्रूझर

हसू नका, अख्ख्या अर्जुनी मोरगावात माझ्या क्रूझर मोटरसायकलसारखी गाडी नाही. जुन्या थाटाची गोलसर टाकी, रुंद हँडल, पाय पुढे पसरून बसायचं. घरी आणली तर बाबा म्हणाले, "हे कायले आणलास रे? धानाचं पोतं कुठं ठेवशील?"

दिवाळीनंतर शेजारच्या गावात मंडईची जत्रा भरली. बाबांच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे माझ्या आत्याचे, गुडघे गेलेले. कोणत्याच गाडीवर तिला चढता येत नव्हतं. माझ्या क्रूझरची सीट बुटकी, आत्या खाटेवर टेकावी तशी टेकली आणि आम्ही मंडईला निघालो. खड्ड्यांतही गाडी डगमगली नाही. आत्या मागून ओरडे, "पळव ना, झोपून राहिला का?"

परतलो तर बाबा पोतं घेऊन दारात. "चल, गिरणीवर जाऊ."

आत्या सीटवरून उतरलीच नाही. म्हणाली, "पोतं तुह्या बैलबंडीवर ने. मले उद्या दुसऱ्या गावच्या मंडईले जायचं आहे."