राजवाड्याचा पडदा

बायको वसुमती गेल्यापासून रघोजीला घर खायला उठे, म्हणून तो तंजावूरच्या बसस्टँडवर येऊन बसे. आज शेजारी एक म्हातारं जोडपं होतं.

"आजोबांना राजवाड्यातून मिळालेला रेशमी पडदा काढून ठेव. उद्या म्युझियमचे साहेब बघायला येताहेत. मी मोठ्या तोंडानं बोलावलंय."

"तुम्हीच नेसता की रोज पूजेला."

"काय?"

"तुमचं सोवळं त्याचंच केलंय मी."

"अय्यो! आता त्यांना काय दाखवू?"

"पूजेला बसा. बघतील लांबून."

"हात लावून बघतो म्हणाले तर?"

"सोवळ्यातल्या माणसाला कोण शिवतंय?"

"आणि ते उठेचनात तर? दिवसभर पूजाच करू?"

"करा की. तेवढंच घर शांत."

बस आली. कुठेच जायचं नसलेला रघोजी त्यांच्या मागोमाग चढला.