हारलेली जोडी

धनीराम : रेषा डोळ्यासमोर होती, अन् तू कासरा ओढला! कायले?

हेमराज : हारलो होतो, भाऊ. त्याहिची जोडी कवाचीच पार झाली. मंग आपल्या बैलाइले उगाच कायले ताणायचं?

धनीराम : उगाच? हारली तरी जोडी रेषेपार नेते, तो धुरकरी. मीच शिकवलं ना तुले? मधातच थांबवलं त बैलाले तेच वळण लागते. अन् लोकं काय म्हनून राहिले, आयकलं?

हेमराज : आयकलं.

धनीराम : मालकाच्या भावानं पैसे घेऊन शंकरपट इकला म्हनते! मोबाइलवर शूटिंग फिरून राहिलं. धुळीत तू कासरा ओढते, तेवढंच दिसते. पंच मले बलावून राहिले. जवाब नाई देला त जोडी बाद, अन् तूही. साऱ्या सानगडीत कोनी तुह्या हाती कासरा देनार नाई.

बायाबाई : अरे, आधी भावाचे हात त पाह्य. पार सोलून निंगाले. हळद लावू दे मले.

धनीराम : माय, तू मधात नको बोलू. हेमराज, आपल्या लाल्या बैलाच्या नाकातून रगत आलं. लेकरासारखा पोसला ना तू त्याले? एवढा जोर कायले लावला?

हेमराज : बैल थकले होते.

धनीराम : खोटं. थकलेले बैल असे फुरफुरतात?

हेमराज : मंग सांग पंचाले, माह्या भावाची हिंमत सरली. पण इकला नाई, एवढं सांग. तुही आन.

बायाबाई : हा नाई सांगत, त मले सांगा लागन.

हेमराज : माय, चूप राह्य.

बायाबाई : कशी राहू? मी डोळ्यानं पाह्यलं. धनीराम, त्याहिची जोडी पार झाली तवा तू कोठं होता?

धनीराम : पंचापाशी. ते झेंडीच्या आधी सुटले होते. भांडायले धावलो मी.

बायाबाई : कोठून धावला?

धनीराम : कोठून म्हंजे... इकडून तिकडं. मधातून.

बायाबाई : अन् आपली जोडी कोठं होती?

(धनीराम लाल्याच्या नाकावरचं रक्त पाहत राहतो.)

धनीराम : धूळ होती... मले घुंगरूबी आयकू नाई आले, हेमराज.

हेमराज : मी वरडलो. लय वरडलो. तू पंचाले शिव्या देऊन राहिला होता.

धनीराम : मंग आल्या आल्या कायले नाई सांगतलं?

हेमराज : एवढ्या लोकाइत सांगू, का मालकच आपल्या बैलाखाली येत होता? अन् खरं सांगू भाऊ? लाल्याचं शिंग तुह्या पाठीले टेकलं होतं.

बायाबाई : भोंग्यावर तुहं नाव घेऊन राहिले, धनीराम.

धनीराम : आयकून राहिलो... हेमराज, माहं तोंड कोन्या बाजूले होतं?

हेमराज : जितलेल्या जोडीकडं. साऱ्याइचंच होतं.

धनीराम : माय, हळद नीट लाव त्याले. मी येतो सांगून, बैलाच्या आडवा मीच होतो म्हून.

हेमराज : लोकं हासतील, भाऊ.

धनीराम : हासू दे. तू लाल्यापाशी बस. त्याले वाटत असन, त्याचंच काही चुकलं.