तात्यांची पकड

यंत्र खोटं बोलत नाही म्हणता? मग हे ऐका. माझं चाकणला डॉक्टरी सामानाचं दुकान. पकडीचा जोर मोजायचं यंत्र दाखवायला एका कंपनीच्या दवाखान्यात गेलो होतो. समोर कुरुळीचे तात्या बसलेले, मोडलेला हात नुकताच जुळलेला. पकड तीस किलो भरली तर कारखान्याच्या लाइनवर कामाला परत, नाहीतर घरी.

डॉक्टरीणबाईंनी कोपराखाली मोजायची फीत लावून घेर बघितला. स्नायू चांगला भरलेला. पण तात्यांनी यंत्र तीनदा दाबलं, तिन्ही वेळा बरोब्बर बावीस!

मला खटकलं. कमजोर हात दर वेळी थोडा उतरतो राव, एका आकड्यावर थांबत नाही. विचारलं, "तात्या, काम काय करता?"

"नट आवळतो. पान्याचा टक्क आवाज आला की थांबायचं. जास्त आवळलं तर आटे जातात."

"मग ही यंत्राची मूठ म्हणजे गंजलेला नट समजा. आवळायचा नाही, सोडवायचाय."

काटा थेट अडतीसवर!

बाई म्हणाल्या, "अहो, एवढा जोर होता, तर आधी का नाही लावला?"

तात्या स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. "अठरा वर्षं हाताला थांबायलाच शिकवलं, मॅडम. सगळा जोर लाव, असं कुणी म्हणालंच न्हाई."