दाराच्या पॅनेलमागचा ब्लाऊजपीस

तुम्ही हसाल, पण जुन्या गाडीचं प्लास्टिक खोलायच्या आधी तिले तासभर उन्हात ठेवा. भनपुरीच्या मिस्त्रीनं मले हे सांगितलं, पण दाराच्या पॅनेलच्या क्लिपा मोडून झाल्यावर.

काच अडकली होती म्हणून मी बाबांच्या गाडीचं दार घरीच, सावलीत बसून खोलत होतो. तीन क्लिपा पापडासारख्या मोडल्या. चौथी आधीच तुटलेली, गोंदानं चिकटवलेली निघाली. म्हणजे बाबांनीही सावलीतच खोललं होतं.

पूर्वी हे दार फार खडखडायचं. आई विचारायची, "दार काहून वाजून राहिलं?" बाबा म्हणायचे, "रस्ता खराब आहे." एक दिवस आवाज बंद झाला, तर म्हणाले, "रस्ता झाला."

पॅनेल हातात आलं अन् मागून घडी करून कोंबलेला जांभळा ब्लाऊजपीस पडला. आई चहा घेऊन आली होती, ती पाहतच राहिली. सदर बाजारच्या टेलरनं हाच कपडा हरवला असं समजून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बाबांना जाऊनही आता चार वर्षं झाली.

मी म्हटलं, "आता टेलरले काय सांगशील?"

"त्याले काहून सांगायचं? तुझ्या बाबाचं नाव खराब होईल."

तिनं कपडा झटकला, पुन्हा तशीच घडी घातली अन् माझ्या हातात दिला. "होता तिथंच ठेव."

"अगं, नव्या क्लिपा आणतो. आता वाजणार नाही."

"तरी ठेव," आई म्हणाली. "रस्ता खराब आहे."