चौकटीतली खाच

माझ्या बायकोने, मंजिरीने, तिच्या पद्धतीने सांगण्याआधी हे मीच सांगून टाकतो. जर्मनीत बॉबलिंगेनजवळच्या एका गावात आम्ही जुन्या घरात भाड्याने राहतो. दाराच्या चौकटीत उजवीकडे एक तिरकी खाच होती. घर सोडताना मालक ती माझ्या नावावर खपवेल, म्हणून एका शनिवारी मी पुट्टी भरून वर रंग दिला. मंजिरी म्हणत होती, "अरे, राहू दे ना."

दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात रूथ नावाच्या अमेरिकन आजी उभ्या. त्यांचे खापरपणजोबा याच घरातून अमेरिकेला गेले, तिथे आधी दारोदार खोगिरं विकली आणि मग चामड्याच्या ट्रंकांचं दुकान काढलं.

"आम्ही ज्यू. दाराला प्रार्थनेची डबी लावायचो. तिची खाच अजून आहे म्हणतात," असं म्हणत आजी चौकट चाचपू लागल्या.

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूड्रायव्हर आणला. पुट्टी चांगलीच पक्की बसली होती. अर्धा तास खरवडल्यावर खाच दिसली. आजींनी तिच्यावर बोट ठेवलं आणि तेच बोट ओठांना लावलं.

मग त्यांनी विचारलं, "ही बुजवली कोणी?"

"आधीच्या भाडेकरूने," मी म्हणालो.

"यानेच. काल," मंजिरी म्हणाली.

आजी हसायलाच लागल्या. "खापरपणजोबा कातड्यावरचे व्रण असेच बुजवायचे म्हणे. तुला त्यांनी लगेच दुकानात ठेवून घेतलं असतं."

सहा वर्षांत जर्मनीत माझ्या कामाचं झालेलं हे एकमेव कौतुक.